अकराव्या मजल्यावरचं खाणगाव

सिंगापुरात, क्लेमेंटीला, अकराव्या मजल्यावर माझा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे अशी माझी समजूत आहे. मेश्राम काकांच्या मते ते ऑस्ट्रेलियातल्या एका खाणगावचं पोस्ट ऑफिस आहे. दगडी, दुमजली, पुढे रुंद व्हरांडा. आमच्या दारापुढे व्हरांडा नाही, चपलांचं कपाट आहे. पण काकांचं त्यावाचून काही अडत नाही.

आमची इमारत जुन्या धाटणीची. एक लांबलचक सामायिक कॉरिडॉर आणि त्यावर ओळीने दारं. लिफ्टमधून बाहेर पडलं की काकांचा 'मेन स्ट्रीट' सुरू होतो. पहिलं दार मिस्टर टॅन यांचं. ते हॉटेल, कारण मिस्टर टॅन संध्याकाळी दाराबाहेर स्टुलावर बसून बिअर पितात. त्यानंतर रोकिया आंटींचं कोर्ट, कारण मजल्यावरची भांडणं त्याच मिटवतात. मग रेल्वे स्टेशन. तिथे विद्यापीठातली मुलं भाड्याने राहतात आणि वरचेवर बदलतात. मग मी. शेवटच्या दारात स्वतः काका. सकाळी फिरून परत येताना ते माझ्या जाळीच्या दाराशी थांबतात आणि विचारतात, "आहे का पोस्टमास्तर?"

काका मूळचे नागपूरकडचे. खाणीतले सर्व्हेअर, म्हणजे मोजणी करणारे. तरुणपणी वाळवंटातल्या त्या गावी सहा वर्षं होते. खाण मंदावल्यावर सिंगापुरात आले, समुद्रात भर घालायच्या कामावर मोजण्या केल्या, पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झाले, निवृत्त झाले. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला असते. सिंगापुरात अर्धंअधिक आयुष्य गेलं, तरी 'आमच्या गावात' असं काका म्हणाले की ते नागपूर नसतं आणि क्लेमेंटीही नसतं. ते हजारो मैलांवरचं, चार दुकानं आणि धुळीचं ते खाणगाव असतं.

त्या गावातल्या डझनभर जुन्या इमारती तिथल्या वारसा यादीत आहेत. यादीत नाव लागलं की त्या इमारतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, आणि दुरुस्ती करायची तर मूळच्याच सामानाने. हा कायदा काकांना इतका पसंत पडला, की तो त्यांनी क्लेमेंटीलाही लावून टाकला. जे त्यांना आवडतं ते 'लिस्टेड'. हॉकर सेंटरमधला, म्हणजे खालच्या खाद्यबाजारातला, कॉफीवाला म्हातारा लिस्टेड. खालचा सिमेंटचा बाक लिस्टेड. माझ्या बायकोची, मेघनाची, आमटीसुद्धा लिस्टेड. एकदा घरातलं आमसूल संपलं म्हणून तिने चिंच घातली. काकांनी पहिल्याच घासाला हात थांबवला आणि खेदाने म्हणाले, "ताई, तुम्ही मूळ सामान बदलून टाकलं."

एकदा कॉरिडॉरमधलं सामान हलवा अशी नोटीस लागली. काकांनी उलट पत्र धाडलं, की मिस्टर टॅन यांचं स्टूल लिस्टेड आहे, ते हलवता येणार नाही. एक तरुण अधिकारी चौकशीला आला. काकांनी त्याला लिफ्टपासून शेवटच्या दारापर्यंत सबंध गाव दाखवलं, प्रत्येक भिंतीची जाडी सांगितली, आणि त्यांच्या पत्नी शीलाकाकूंनी त्याला चिवडा दिला. स्टूल राहिलं. फक्त ते भिंतीकडे सहा इंच सरकवायचं ठरलं, आणि ते सहा इंच काकांनी स्वतः टेप लावून मोजले. माझी लेक आर्या इथल्या खास इंग्रजीत म्हणते, "बाबा, अंकल सो फनी लाह." शीलाकाकूंना मात्र त्या गावाचं काडीचं कौतुक नाही. त्या लग्नानंतर तिथे राहिल्या होत्या. त्यांना विचारलं तर सांगतात, "माश्या होत्या. वरणात जिरं कोणतं आणि माशी कोणती, ते कळत नसे."

काकांकडे नवा पाहुणा आला की चहाच्या आधी ही गावफेरी सक्तीची असते. काका दारोदार थांबतात. दगड कुठला, छपराचा उतार किती, घड्याळ कधीपासून बंद आहे. दाराआड राहणारी माणसं आता सरावली आहेत. मिस्टर टॅन तर हॉटेलाचं नाव निघालं की बाटली उंचावतात. शेवटी स्वतःच्या दाराशी आलं की काका आवाज थोडा उतरवतात आणि म्हणतात, "अन् हे पत्र्याचं घर. हे लिस्टेड नाही." एवढं बोलून आत जातात. का नाही, असं कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही.

विचारायच्या ऐवजी मी नक्कल करायला शिकलो. आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात माझा तो हुकमी एक्का होता. हातात टेप धरल्यासारखं करायचं, एखाद्याच्या टकलासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "हे लिस्टेड आहे, याला खिळा ठोकू नका." हशा ठरलेला. काका पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसायचे. मला त्या वेळी वाटायचं, काय दिलदार माणूस आहे. आपण काय आहोत, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

गेल्या वर्षी काका एका सकाळी दाराशी न थांबता थेट आत आले. हातात कागद होते. त्या गावची नगरपालिका वारसा यादी नव्याने करत होती. खाणकामगारांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या घरांची एक ओळ होती, त्यातलं एकच घर आता उरलं होतं, आणि त्याच्या मालकाला ते पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. यादीत नाव लागलं तर घर वाचेल, नाही तर जाईल. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने महिनाअखेरपर्यंत लिहून कळवायचं होतं. काका जिथे राहिले होते तेच हे घर.

मोजमापांचा भाग काकांनी आधीच तयार केला होता. आठवणीतून काढलेला नकाशा, इंचाइंचाचा. राहिला होता एकच रकाना. या वास्तूचं तुमच्या लेखी महत्त्व काय? तो काकांनी मराठीत लिहिला होता. रेघांच्या कागदावर, अडीच पानं. मला म्हणाले, "इंग्रजीत मी चाळीस वर्षं रिपोर्ट लिहिले, पोस्टमास्तर. भोक किती खोल, दगड कसा, ते मले लिहिता येतं. हे नाही येत. तुम्ही चांगलं लिहिता. तुम्ही याचं इंग्रजी करून द्या अन् पाठवूनच द्या."

मी म्हटलं, काका, त्यात काय, आजच करतो. मी बँकेत आहे. नियम पाळले जातात की नाही ते बघण्याचा मला पगार मिळतो, आणि गोडगोड इंग्रजी लिहिण्याबद्दल माझी तिथे ख्याती आहे. ती अडीच पानं मी मायक्रोवेव्हवर ठेवली. त्यावर विजेचं बिल आलं, त्यावर आर्याच्या शाळेचं पत्र आलं. काकांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी म्हटलं, चालू आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. तोवर मी कागदाची घडीसुद्धा उघडली नव्हती.

शेवटचा दिवस उजाडला आणि मला ते ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत आठवलं. पानं घरी. मेघनाला फोन करून त्यांचे फोटो मागवता आले असते. पण मग वाचावं लागलं असतं, त्याचं इंग्रजी करावं लागलं असतं, आणि मला दोन वाजता मीटिंग होती. म्हातारा माणूस, त्याच्या आठवणी, असून असून काय असणार, असं मी मनाशी म्हटलं. मग मी कॉम्प्युटरलाच सांगितलं, खाणगावातल्या पत्र्याच्या घराचं महत्त्व सांगणारं पत्र लिही. त्याने डाळ शिजायच्या आत लिहून दिलं. पन्हाळी पत्र्याचं बांधकाम, खाणकामगारांचं खडतर जीवन, भावी पिढ्यांसाठी ठेवा. खाली मी काकांचं नाव घातलं, त्यांनी आधीच ई-मेलवर धाडलेला नकाशा जोडला, पाठवून दिलं, आणि एक प्रत काकांना. खोटं कशाला सांगू, पुन्हा वाचल्यावर मला ते फार झकास वाटलं. काकांना स्वतःला इतकं सुबक जमलं नसतं असंही वाटलं.

काकांचा आभाराचा निरोप आला नाही, याचं मला नवल वाटलं. त्यानंतर त्यांच्यात थोडा बदल झाला. सकाळी दाराशी थांबणं कमी झालं. भेटले तर हसायचे, पण मला 'साहेब' म्हणायला लागले. मी मेघनाला म्हटलं, वय झालं आता त्यांचं.

मग तिकडून उत्तर आलं. पत्र पाठवलं माझ्या ई-मेलवरून होतं, म्हणून उत्तरही माझ्याकडेच आलं, प्रत काकांना. फार सभ्य उत्तर होतं. नकाशाची त्यांनी तोंडभरून स्तुती केली होती. तशा बांधणीची घरं आसपासच्या दुसऱ्या गावांत अजून आहेत, म्हणून बांधकामापुरतं पाहता हे घर वेगळं ठरत नाही. एखाद्या माणसाचं त्या घराशी खास नातं असल्याचं दिसलं असतं तर विचार करता आला असता, परंतु पत्रात तसा काहीच उल्लेख नाही. सबब घर यादीत घेता येत नाही.

त्या संध्याकाळी मी मायक्रोवेव्हवरची बिलं बाजूला केली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच ती अडीच पानं वाचली.

काकांनी सुरुवात ऑस्ट्रेलियातून केलीच नव्हती, पुण्यातून केली होती. शिकायला ते पुण्यात आले तेव्हा महिनाभरात त्यांनी पाच खोल्या पाहिल्या. माणसं चांगली होती, असं लिहिलं होतं. हसून बसायला सांगत, पाणी देत. मग आडनाव विचारत. 'आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची.' त्या पाचांतला एक पत्ता आमच्या पुण्यातल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होता. मित्र म्हणाले, दुसरं आडनाव सांग. ते काकांनी केलं नाही. अखेर एक खोली मिळाली, तिथे बुद्धाची तसबीर त्यांनी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली होती. झाकण उघडून वंदन करायचं आणि बंद करायचं.

त्या खाणगावात उतरले तेव्हा त्यांनी पूर्ण नाव, दाखले, शिफारसपत्रं, सगळं फायलीत लावून नेलं होतं. पत्र्याच्या घराची मालकीण एक म्हातारी विधवा होती. तिने फाईल उघडलीच नाही. एवढंच विचारलं, की कुत्र्याची भीती वाटते का? 'मला फार वाटायची. आडनावाबद्दल मी कधी खोटं बोललो नाही, कुत्र्याबद्दल बोललो.' तिने किल्ली दिली. काकांचं दिवाकर हे नाव तिला म्हणता येईना, म्हणून 'डेव्ह' म्हणाली. पुढचं नाव तिने सहा वर्षांत विचारलं नाही. त्या संध्याकाळी काकांनी दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि तसबीर बाहेर लावली. आल्या-गेल्याला दिसेल अशी.

सगळं गाव तसं होतं असं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. हॉटेलात त्यांचा रंग बघून ग्लास दोनदा धुणारे होते. आणि ती जमीन मुळात ज्यांची, ते लोक गावाबाहेर राहत होते, त्यांना कोणी किल्ली दिली नव्हती. शेवटची ओळ अशी होती: 'दगडी कोर्टाला सांभाळायला पुष्कळ आहेत. या घराला मी आहे.'

मी कागदाची घडी घातली. मला लिफ्टमधली आमची पहिली भेट आठवली. मराठी बोलणं कानावर पडलं म्हणून मी मोठ्या उत्साहाने वळलो होतो आणि दुसऱ्याच वाक्यात विचारलं होतं, आडनाव काय आपलं? ते म्हणाले, मेश्राम. मी म्हणालो, अच्छा. त्या 'अच्छा'त काय होतं ते मला माहीत आहे, आणि काकांना त्याच क्षणी कळलं असणार. बोलायची रीत म्हणून विचारलं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. पण मला आयुष्यात कधी कोणी खोली नाकारली नव्हती, आणि आडनाव सांगताना माझा आवाज कधी खाली गेला नव्हता.

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि लाज वाटली म्हणजे माणूस लगेच सुधारतो, हेही खरं नाही. मी पळू लागलो. काकांची फिरून यायची वेळ चुकवून ऑफिसला निघायचो. एकदा ते आमच्या मजल्यावर लिफ्टजवळ उभे असलेले खालूनच दिसले, तर दहाव्या मजल्यावर उतरून जिन्यात थांबलो. पन्नाशीला आलेला, बँकेतला, मंडळाच्या स्मरणिकेचा संपादक, जिन्यात चोरासारखा उभा. असे दोन आठवडे काढले.

शेवटी काकांनीच गाठलं. मी लिफ्टमधून बाहेर पडत होतो, ते मिस्टर टॅन यांच्याशी बोलत उभे होते. खाणीतल्या एका जुन्या सोबत्याने फोटो धाडला होता, तो त्यांनी मला फोनवर दाखवला. लाल मातीचा सपाट तुकडा. एका कोपऱ्यात दुमडलेल्या पत्र्यांचा ढीग. "गेलं, साहेब," काका म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, बातमी म्हणून. मी त्यांच्याबरोबर त्यांच्या दारापर्यंत गेलो, आत जाऊन बसलो आणि सांगितलं, की तुम्ही लिहिलेलं मी पाठवलंच नव्हतं, भलतंच पाठवलं.

"ते माहीत आहे ना मले. तुमची प्रत आली, त्याच दिवशी वाचली."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? निदान शिव्या तरी घालायच्या. मुदत संपायच्या आत तुम्ही स्वतः दुसरं काही पाठवलं असतंत. काका थोडा वेळ फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले.

"मले वाटलं, तुम्ही वाचलं अन् काढून टाकलं," ते म्हणाले. "पुण्याचं, आडनावाचं. होते ना काही लोकांना अडचण. चारचौघांत कशाला, असं वाटते. तुम्ही वाईट मनाने नसेल केलं, असं मी शीलाला म्हटलं. पण मग मले पुन्हा पाठवायचं मन नाही झालं. आपलाच माणूस लाजून राहिला, तं तिथल्या लोकांना काहून सांगायचं?"

घर गेलं होतं ते माझ्या आळसाने, एवढंच मी धरून बसलो होतो. या माणसाने मात्र त्या आळसाच्या जागी स्वतःच्या अनुभवातलं कारण ठेवलं होतं, तेही मला सांभाळून घेत, आणि ते घेऊन तो इतके दिवस माझ्या दारावरून जात होता.

"काका," मी म्हटलं, "मी वाचलंच नव्हतं. घडीसुद्धा उघडली नव्हती. कंटाळा केला. त्यांचं उत्तर आल्यावर वाचलं."

"वाचलंच नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे वाचून नाही काढलं."

"नाही."

मला वाटलं, आता काका फाडून बोलतील, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. हसू आधी डोळ्यांत आलं, मग गालांवर. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, पेढे वाटायची बातमी असावी तसे, मोठ्याने म्हणाले, "शीला, ऐकून राहिली का? यांनी वाचलंच नव्हतं! कंटाळा केला म्हणे!"

शीलाकाकू ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांच्याही कपाळावरची आठी गेली.

"मी सांगत नव्हते तुम्हाला?" त्या काकांना म्हणाल्या. "हे तसे नाहीत."

काका मान डोलावत होते. मी त्या दोघांच्या आनंदाकडे बघायचं टाळत होतो. नाही काकू, मी तसा आहे की नाही ते मलाच अजून ठाऊक नाही, एवढं वाक्य मला बोलायचं होतं. पण त्यांनी चहा ठेवलाही होता, आणि मी तो मुकाट्याने प्यायलो.